नाल्यापलीकडचं गवत

मावशी दारात आली तेव्हा मी मुलुंडचा नकाशा काढत बसले होते. आदल्या रविवारी घाटकोपरपासून मुलुंडपर्यंत पाण्याच्या मोठ्या पाइपाच्या कडेकडेने चालत गेले होते. पाइपावर कुठे कपडे वाळत घातलेत, कुठे खालून वाकून जायला वाट आहे, कुठली कुत्री अंगावर येतात, हे सगळं विसरायच्या आत कागदावर उतरवायचं होतं.

मावशी म्हणजे आमच्या गल्लीच्या टोकाला, नाल्याच्या पलीकडे जी चार घरं होती, त्यांतल्या पहिल्या घरातली. कंत्राटदाराकडे रस्ते झाडायचं काम करते. रोज सकाळी आमच्या दारावरून जायची. इतक्या वर्षांत आमच्यात "निघालात?" आणि "हो गं" यापलीकडे बोलणं झालेलं नव्हतं. ती आमच्या दाराशी थांबलीय असं मी पहिल्यांदाच पाहत होते.

प्लास्टिकच्या पिशवीतून तिने एक कागद काढून माझ्यापुढे धरला.

"हे तू काढलंयस ना? तुझं नाव आहे म्हणतात खाली."

ती झेरॉक्स होती. आमच्या टेकडीच्या वस्तीचा नकाशा. नळ, पिंपळ, पिठाची गिरणी, मंडळाचं ऑफिस, एकशे बारा पायऱ्या. खाली माझं नाव, इयत्ता चौथी, तारीख. आणि त्याखाली छापील ओळ: 'हा नकाशा प्रत्यक्ष पायी फिरून काढला आहे.'

मला आधी आनंदच झाला. हे कबूल केलं पाहिजे. मी म्हणाले, "अय्या, हे कुठे मिळालं तुम्हाला?"

"नोटिशीला लावलंय," मावशी म्हणाली. "हा बघ गोल. लाल पेनाने केलेला. इथे माझं घर आहे. तू इथे गवत काढलंयस."

मी पाहिलं. नाल्याची दुहेरी रेघ, आणि तिच्या पलीकडे, टेकडीच्या भिंतीपर्यंत, बारीक बारीक उभ्या रेघांचे झुबके. गवत.

आमच्या वस्तीचं पुनर्वसन व्हायचं होतं. झोपड्या जाऊन इमारत उभी राहणार. सरकारने ठरवलेल्या तारखेच्या आधीपासून ज्याचं घर आहे, तो पात्र. त्याला खोली मिळणार. नंतरचा अपात्र, त्याने चालू पडायचं. मावशीच्या घरावर हरकत आली होती. हरकत अशी की त्या तारखेला नाल्यापलीकडे घरंच नव्हती, मोकळी जागा होती. आणि पुरावा काय, तर त्या तारखेनंतर काढलेला माझा नकाशा.

"सुनावणी पुढच्या बुधवारी आहे," मावशी म्हणाली. "माझा मोठा तिथेच जन्मला. आणि तू म्हणतेस गवत."

मी काही बोलायच्या आत नोटिशीचे कागद माझ्या हातात ठेवून ती वळून गेलीसुद्धा. तिला कामावर जायचं होतं.

---

मी पत्रकांवर वाढलेली मुलगी आहे. माझे बाबा घाटकोपर स्टेशनजवळच्या एका छोट्या छापखान्यात कामाला होते, आणि कामगार संघटनेत तर रक्त आटवत होते. आमच्या दहा बाय बाराच्या खोलीत पत्रकांचे गठ्ठे असायचे. जाहीर निषेध. जाहीर सभा. चलो. मी अक्षरं शिकले ती पत्रकांवरून, आणि रेघ मारायला शिकले ती पत्रकांच्या मागच्या कोऱ्या बाजूवर. छापताना बिघडलेली, शाई पसरलेली पत्रकं बाबा माझ्यासाठी घेऊन यायचे. एका बाजूला 'वेतनवाढ झालीच पाहिजे', दुसऱ्या बाजूला आमच्या घरापासून शाळेपर्यंतची वाट.

नकाशांचं वेड कुठून लागलं ते सांगता येत नाही. शाळेच्या भिंतीवर महाराष्ट्राचा नकाशा होता आणि त्यावर मुंबई म्हणजे एक ठिपका होता. मला त्या ठिपक्याचा राग आला होता. एवढ्या लोकांना एका ठिपक्यात कोंबायचं? मी घरी येऊन आमच्या गल्लीचा नकाशा काढला आणि तो महाराष्ट्राएवढा मोठा काढला.

बाबांनी शिस्त लावली. पत्रकावर तारीख आणि छपाईचं ठिकाण नसेल तर ती अफवा, असं ते म्हणायचे. म्हणून मी प्रत्येक नकाशावर तारीख टाकायचे. दुसरा नियम मी स्वतः केला: जिथे माझा पाय पडला नाही ते कागदावर यायचं नाही. ऐकीव काही नाही. तो नियम मी आजही पाळते. माझ्याकडे सत्तावीस वह्या आहेत. अंधेरीच्या औद्योगिक वसाहतीतल्या कुठल्या गेटसमोर चहाची टपरी आहे आणि कुठल्या गेटवर बायकांची पर्स उघडून बघतात, ते त्यात आहे. बोरिवलीला सोसायट्यांची शेवटची भिंत कुठे संपते, जंगल कुठे सुरू होतं, आणि त्या भिंतीला लोकांनी कुठे भोक पाडलंय, ते आहे. कॉलेजात असताना मैत्रिणी म्हणायच्या, "फोनमध्ये मॅप आहे ना यार, तू कशाला मरतेस?" मी म्हणायचे, फोनमधला मॅप मला दुकानं दाखवतो. मुतारी दाखवत नाही. बाईमाणसाने मुलुंडपर्यंत चालायचं तर तिला दुकान नको असतं.

मोठं बोलायची मला सवयच आहे.

आणि चौथीत असताना आमच्या मित्र मंडळाला पंचवीस वर्षं झाली, म्हणून स्मरणिका निघाली. आत गिरणीवाल्याची, केबलवाल्याची, टेलरची जाहिरात, अध्यक्षांचं मनोगत, दिवंगत सभासदांचे फोटो, आणि मधल्या दोन पानांवर माझा नकाशा. छपाई अर्थातच बाबांच्या छापखान्यात. पायी फिरून काढल्याची ती ओळ बाबांनी घातली होती. मंडळाच्या कार्यक्रमात मला एक कंपासपेटी बक्षीस मिळाली आणि सगळी गल्ली टाळ्या वाजवत होती.

मग गवत का?

मावशी गेल्यावर मी भिंतीला टेकून तासभर तशीच बसले होते. पाय न पडलेली जागा मी कोरी सोडायचे. गवत कुठून आलं? आणि त्याहून वाईट म्हणजे दुसरी गोष्ट. मी उठून सत्तावीसच्या सत्तावीस वह्या चाळल्या. मुलुंड होतं, बोरिवली होतं, विमानतळाच्या कुंपणाला वळसा घालून जाणारी वाट होती. नाल्यापलीकडची चार घरं एकाही वहीत नव्हती. नाल्यावर तोवर स्लॅब पडला होता. आमच्या दारापासून मावशीच्या दारापर्यंत चाळीस पावलंसुद्धा नव्हती. पलीकडे भिंत आहे, पुढे रस्ता जात नाही, म्हणून कधी गेले नसेन, असं मी स्वतःला सांगून बघितलं. पण मी बंद पडलेल्या कापड गिरणीच्या मागच्या बोळातसुद्धा गेले होते, तिथूनही पुढे रस्ता जात नाही.

लहानपणी आईने सांगितलं होतं, नाल्यापलीकडे जायचं नाही. मी आजवर धरून चालले होते की पाय घसरेल म्हणून.

---

बाबा संध्याकाळी आले. आता ते निवृत्त आहेत. वाचनालयात बसतात आणि लोकांचे अर्ज लिहून देतात. मी झेरॉक्स त्यांच्या पुढ्यात ठेवली.

"ही तुमच्याकडून गेली का?"

त्यांनी चष्मा लावला. त्यांनी छापलेल्या प्रत्येक गोष्टीची एक प्रत ते फायलीत ठेवतात, तारखेप्रमाणे लावून. "सेक्रेटरी आले होते महिन्यापूर्वी," ते म्हणाले. "जुनी स्मरणिका आहे का म्हणाले. मला वाटलं, सोसायटीच्या कामाला हवी असेल."

सेक्रेटरी म्हणजे आमच्याच गल्लीतले काका. पूर्वी मंडळाचे सेक्रेटरी होते, आता होऊ घातलेल्या हाउसिंग सोसायटीचे आहेत. हरकत त्यांनी घेतली होती, कमिटीच्या पाच सह्यांनी. बिल्डरने नाही, सरकारने नाही. आमच्या लोकांनी. हे मला मावशीच्या नोटिशीच्या दुसऱ्या पानावर दिसलं होतं आणि मी ते पान तीनदा वाचलं होतं.

"बाबा, मी तिथे गवत का काढलं?"

"लहान होतीस."

"मी जागा कोरी ठेवली होती. मला आठवतंय. तुम्ही म्हणालात, पांढरं ठेवू नकोस, छपाईत वाईट दिसतं, गवत काढ."

बाबा चष्मा पुसायला लागले.

"तुम्हाला तिथली घरं माहीत होती ना?"

"मंडळाने ठरवलं होतं," ते म्हणाले. "स्मरणिकेत वर्गणीदारांचीच घरं घ्यायची. त्यांची वर्गणी नव्हती."

"त्यांनी दिली नव्हती, की तुम्ही घेतली नव्हती?"

आई ओट्याशी भाकऱ्या करत होती. तिने तवा उतरवला आणि वळून म्हणाली, "घेतली नव्हती. घेतली असती तर पूजेला बोलवावं लागलं असतं. हळदीकुंकवाला बोलवावं लागलं असतं. जात बघितली गं, दुसरं काय बघणार? गटारात उतरायची ती माणसं. काय ओरडतेस बापावर? तू तरी कधी विचारलंस का, समोर कोण राहतं म्हणून?"

मी ओरडत नव्हते. पण आईला ऐकू आलं असेल.

मी बाबांची फाइल उघडली. ते नको म्हणत होते. तारखेप्रमाणे लावलेली फाइल होती, शोधायला वेळ लागला नाही. स्मरणिकेच्या आधीचा कागद म्हणजे एक पत्रक होतं. 'कंत्राटी सफाई कामगारांना कायम करा!' मजकूर बाबांचाच. 'शहर झाडणाऱ्या हातांना शहरात जागा नाही का?' असं ठळक टायपात होतं. एकाच महिन्यातले दोन कागद. पत्रकात ज्यांच्यासाठी जागा मागितली, त्यांच्या जागेवर स्मरणिकेत गवत. आणि ते गवत माझ्या हातचं.

या वाक्यांवर मी वाढले आहे. ती मला तोंडपाठ होती. त्या रागाने मी कॉलेजात भांडले, ऑफिसात भांडले, एका मैत्रिणीशी कायमचं बोलणं तोडलं. आणि चाळीस पावलांवर मी एकदाही गेले नव्हते.

"मी मोर्चात त्यांच्या सोबत होतो," बाबा हळूच म्हणाले. "पोलिसांचा मारसुद्धा एकत्र खाल्लाय."

"आणि गल्लीत?"

त्यांनी फाइल माझ्या हातून घेतली आणि पत्रक परत तारखेच्या जागी लावलं. एरवी उत्तर नसलं तर ते घोषणा तरी देत.

---

बुधवारी मी मावशीसोबत गेले. तिने बोलावलं नव्हतं. स्लॅबवरच मला पाहून ती म्हणाली, "तू कशाला?" मी म्हणाले, "माझा नकाशा आहे." ती म्हणाली, "हो, ते समजलंय सगळ्यांना," आणि चालायला लागली.

अंधेरीच्या त्या कार्यालयात चौथ्या मजल्यावर लांब व्हरांडा होता आणि बाकांवर नोटिसा धरून माणसं बसली होती. आमचा पुकारा जेवणाच्या सुट्टीनंतर झाला. टेबलापलीकडे अधिकारी, त्यांच्या बाजूला फाइल सांभाळणारे एक क्लार्क. अलीकडे मावशी, मी, आणि आमच्या गल्लीचे सेक्रेटरी काका. काकांनी मला पाहिलं आणि चक्क हसले.

"बरं झालं तू आलीस." मग अधिकाऱ्यांना म्हणाले, "साहेब, हीच ती. आमचीच मुलगी. लहानपणापासून नकाशांचं वेड. एक खांब चुकवायची नाही हो! अख्ख्या गल्लीला कौतुक."

खरंच कौतुक होतं त्यांच्या आवाजात. तेच मला सहन झालं नाही. शिव्या दिल्या असत्या तर मी तयार होते.

अधिकाऱ्यांनी विचारलं, "हा नकाशा तुमचा?"

"हो."

"प्रत्यक्ष पायी फिरून काढला?"

"नाही. ते खोटं आहे."

काका म्हणाले, "अगं!"

"नाल्यापलीकडे मी कधी गेलेच नव्हते. तिथे घरं होती. मला गवत काढायला सांगितलं, मी काढलं. हा नकाशा खोटा आहे."

एवढ्या वर्षांत माझ्या नकाशाला कुणी चूक म्हटलं की मी वही उघडून भांडायचे. आता मीच म्हणत होते, खोटा. एका सरकारी टेबलापुढे.

"तसं लेखी द्या," अधिकारी म्हणाले. क्लार्कनी कोरा कागद पुढे सरकवला. मी लिहायला सुरुवात केली. माझं नाव, वय, पत्ता. 'सदर नकाशात नाल्यापलीकडील चार घरे दाखवलेली नाहीत, याचे कारण असे की, त्या घरांतील लोकांच्या जातीमुळे आमच्या मंडळाने…'

क्लार्क वाकून वाचत होते. त्यांनी पेनाच्या टोकाने माझा कागद थांबवला.

"मॅडम, हे नका लिहू. असं लिहिलंत तर साहेबांना इथे निकाल देता येणार नाही. मंडळाला नोटीस, जबाब, फाइल वर जाणार, मग कायद्याची शाखा बघणार. तोवर पात्रांची यादी बंद होईल. 'अनवधानाने' लिहा. 'सदर घरे अनवधानाने दाखवायची राहिली.' आज विषय मिटेल."

"पण ते अनवधानाने नव्हतं."

"मला कळतंय."

"मग मी खोटं लिहू? एक खोटं पुसायला दुसरं?" माझा आवाज चढला असणार, कारण व्हरांड्यातले दोघं आत डोकावले. "या घरांच्या बाबतीत जे झालं ते एकदा तरी कागदावर यायला नको? बाईंचं घर जातंय इथे!"

तेव्हा मावशी बोलली.

"माझं घर जातंय ना? मग मला विचार की."

मी पेन खाली ठेवलं.

"लिही तो शब्द. काय म्हणाले ते, अनवधान. लिही."

"मावशी, अहो, पण यांनी जे केलं ते…"

"मला माहीत नाही काय केलं ते? तुला आठ दिवसांपूर्वी कळलं. मी तिथे राहते." तिने काकांकडे पाहिलंही नाही. "तुला भांडायचं असेल तर तुझ्या गल्लीत भांड, रोज भांड. इथे माझं घर लावून भांडू नको. मला खोली पाहिजे. तू वाईट वाटून घेतलंस, ते तुझ्याकडे ठेव."

माझा चेहरा कसा झाला होता कुणास ठाऊक. क्लार्कनी माझ्यापुढे पाण्याचा ग्लास ठेवला. मला वाटलं होतं, मी तिच्या बाजूने उभी आहे. तिने मला दाखवलं की मी तिच्या पुढे उभी होते.

मी नवा कागद घेतला आणि 'अनवधानाने' लिहिलं. सही केली. तारीख टाकली.

नकाशा बाद झाल्यावर हरकतीत काही उरलंच नाही. मावशीचे बरेचसे कागद एका वर्षी नाल्याचं पाणी घरात शिरलं तेव्हा गेले होते. पण तिच्या मोठ्या मुलाचं लसीकरणाचं कार्ड होतं, त्यावर पत्ता होता, शिक्का होता, आणि तारीख कट-ऑफच्या आधीची होती. इतके दिवस ते कार्ड माझ्या गवताखाली दबून पडलं होतं. अधिकाऱ्यांनी ते उलटसुलट करून पाहिलं आणि फाइलवर दोन ओळी लिहिल्या. बाकीच्या तीन घरांवरची हरकतही त्याच नकाशावर उभी होती.

बाहेर पडताना काका मला म्हणाले, "चार घरांसाठी एवढं? उद्या एकाच मजल्यावर राहायचंय, कळतंय का तुला?" मी म्हणाले, "कळतंय, काका. म्हणूनच." ते लिफ्टने गेले. मावशी आणि मी जिन्याने उतरलो. चौथ्या मजल्यापासून तळमजल्यापर्यंत ती माझ्या दोन पायऱ्या पुढेच होती.

---

पंधरा दिवसांनी पुरवणी यादी लागली. चारही घरं पात्र. मी मंडळाच्या ऑफिसबाहेरच्या बोर्डावर नावं वाचली आणि तशीच स्लॅब ओलांडून गेले. पहिल्यांदा. मी पावलं मोजली, ती सवय सुटत नाही. सदतीस झाली. चार घरं एका ओळीत, पत्र्याला निळा रंग, दुसऱ्या घराबाहेर तुळस, तिसऱ्याच्या दाराला सायकल टेकवलेली. ओळीच्या शेवटी टेकडीची दगडी भिंत आणि तिच्यातून झिरपणारं पाणी साठवायला एक सिमेंटचा हौद. हौदाच्या कडेवर कुणीतरी ओल्या सिमेंटमध्ये बोटाने साल कोरलं होतं. ते माझ्या जन्माच्या आधीचं होतं.

मी ते साल दोनदा वाचलं. पुरावा इथेच होता, उघड्यावर. पुनर्वसनाच्या मोजणीवाल्यांना दिसला नाही, सेक्रेटरींना दिसला नाही, मला दिसला नाही.

मावशी दारात भांडी घासत होती. मी म्हणाले, "यादी लागली. तुमचं नाव आहे."

"कळलं सकाळीच."

"मावशी, मी जरा आत येऊ का? मला घराचं माप घ्यायचं होतं. नकाशात घालायला. या बाजूचा नवा नकाशा करते, नीट."

तिने हात धुतले, पदराला पुसले आणि माझ्या हातातल्या वहीकडे पाहिलं. रागाने नाही. भाजीवाल्याने नको असलेली भाजी पुढे केल्यावर आपण बघतो तसं.

"आता कशाला?" ती म्हणाली. "आता तर पाडणारच आहेत. सामान बांधायला काढलंय, आत पाय ठेवायला जागा नाही."

आतून कुणीतरी तिला हाक मारली. ती आत गेली आणि पडदा पडला.

मी हौदाशी थोडा वेळ थांबले आणि परत आले. घरं पुढच्या महिन्यात पाडली, आमचं आधी, मग त्यांची. आता आम्ही सगळे भाड्याने विखुरलोय, मावशी कांजूरला, आम्ही मुलुंडला. इमारत व्हायला किती वर्षं लागतील कुणी सांगत नाही. सरकारी फाइलमध्ये माझ्या सहीचा 'अनवधानाने' कायमचा बसलाय, आणि तो तिथे मावशीने बसवलाय, त्यामुळे मी त्याला हात लावणार नाही. खरं कारण मी इथे लिहिलं आहे. बाबांनी हा मजकूर वाचला. दोन ठिकाणी त्यांनी पेन उचललं आणि दोन्ही वेळा काही न खोडता खाली ठेवलं.

चार घरांचं माप मात्र माझ्याकडे नाही. अंदाजाने काढता आलं असतं. मी काढलेलं नाही.